स्टेअरिंग बदललं, अलाइनमेंट केली, तरी महिन्याभरात परत तिरकं (जुन्या मारुती ८००, झेनवाल्यांसाठी)

प्रॉब्लेम साधारण असा असतो. गाडी जुनी, स्टेअरिंगचं रबर उन्हाने चिकट झालेलं नाहीतर तडकलेलं, हाताला काळं लागतंय, म्हणून नवीन किंवा जुन्या बाजारातलं बरं स्टेअरिंग आणून बसवलं. बसवल्यावर रस्त्यावर गाडी सरळ जातीये पण स्टेअरिंग डावीकडे कललेलं. मेकॅनिककडे नेलं की तो मधला नट खोलतो, स्टेअरिंग एक दात (शाफ्टवरची एक खाच) सरकवून परत बसवतो, सरळ झालं, आपण खूश. मग पुढच्या अलाइनमेंटला (मशिनवर चाकांची दिशा जुळवायला) किंवा एखाद्या जोरदार खड्ड्यानंतर परत तिरकं. परत एक दात. असं दोन-तीन वेळा झालं की नवीन तक्रारी सुरू होतात, उजवीकडे यू-टर्न एका झटक्यात बसतो पण डावीकडे रिव्हर्स मारावा लागतो, इंडिकेटर एका बाजूचा आपोआप परत येत नाही, हॉर्न वळणावर गप्प, किंवा त्याहून वाईट म्हणजे वळणावर स्वतःहून वाजतो आणि सोसायटीत रात्री अकराला गाडी लावताना वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत येतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथंच थांबू शकतात. तिरक्या स्टेअरिंगचं कारण स्टेअरिंगच्या चाकात फार क्वचित असतं. घड्याळ मागे पडतं म्हणून रोज काटा हाताने पुढे ढकलायचा, तसला प्रकार चाललेला असतो. स्टेअरिंग एकदाच, रॅकच्या (खाली चाकं वळवणाऱ्या दातेरी दांडीच्या) मध्यावर बसवायचं आणि त्यानंतर तिरकेपणासाठी तो नट परत कधीच खोलायचा नाही. बाकी जे काय सरळ करायचंय ते खाली टाय रॉडवर, म्हणजे रॅकला चाकांशी जोडणाऱ्या दोन्हीकडच्या दांड्यांवर. आणि टाय रॉड नीट करूनही परत तिरकं होत असेल तर काहीतरी ढिलं आहे किंवा वाकलंय, ते शोधायचं.

खालचं सगळं मुख्यतः पॉवर स्टेअरिंग आणि एअरबॅग नसलेल्या रॅक-पिनियन गाड्यांबद्दल, म्हणजे ८००, जुनी झेन, जुनी ऑल्टो वगैरे. ८०० डिसेंबर १९८३ ला आली आणि जानेवारी २०१४ ला बंद झाली, म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता चांगली वयात आलीये आणि बऱ्याच जणांचं १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन संपून पाच-पाच वर्षांचं चालू आहे. पद्मिनी, अँबेसिडरवाल्यांनी हॉर्न आणि दात्यांचा भाग वाचावा, खालची रचना वेगळी आहे. एअरबॅगवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

आता दात्यांचं गणित. स्टेअरिंगच्या शाफ्टला वरच्या टोकाला बारीक दाते असतात आणि स्टेअरिंगच्या हबमधे (मधल्या धातूच्या भागात) आतून तसेच. समजा ३६ दाते आहेत, तर एक दात म्हणजे १० अंश. म्हणजे स्टेअरिंग बसेल तर १० अंशांच्या टप्प्यातच बसेल, मधे कुठं नाही. तुमचं स्टेअरिंग ४ अंश डावीकडे असेल तर एक दात सरकवून ते ६ अंश उजवीकडे जाणार, सरळ होणारच नाही. असे लोक मी बघितलेत जे वर्षभर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे असं करत बसलेत. पाच अंशांच्या आतला तिरकेपणा दात्याने जात नाही, विषय संपला.

मग शोधायचं कसं. पुढची दोन्ही चाकं उचला, जॅकवर नुसती ठेवू नका, खाली स्टँड लावा, मागच्या चाकांना अडणी द्या. उचलायचं नसेल तर गुळगुळीत फरशीच्या पार्किंगमधे पण जमतं पण हात दुखतात. किल्ली फिरवून स्टेअरिंग लॉक सोडवा. रिमच्या वरच्या टोकाला बरोबर मधे एक चिकटपट्टी लावा. मग पूर्ण उजवीकडे जाऊद्या, अडलं की थांबा, जोर लावू नका, तिथून डावीकडे पूर्ण अडेपर्यंत फेरे मोजा. समजा साडेतीन फेरे झाले, तर अडलेल्या टोकापासून पावणेदोन फेऱ्यांवर रॅकचा मध्य. तिथं आणून थांबा आणि बघा स्टेअरिंग सरळ दिसतंय का. हा एक आकडा. दुसरा आकडा रस्त्यावरचा, सपाट सरळ रस्त्यावर हात हलके ठेवून गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग किती आणि कुठल्या बाजूला कललंय.

सपाट म्हणजे खरंच सपाट बघा. आपल्याकडे पाणी कडेला वाहून जावं म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार असतो, आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे गाडी जराशी डावीकडे ओढणारच आणि आपण नकळत उजवीकडे धरून ठेवतो. पुण्यात कर्वे रोडवर डाव्या लेनमधे चालवून निष्कर्ष काढू नका. पहाटे नगर रोडला खराडीच्या पुढे किंवा असाच एखादा रुंद मोकळा रस्ता बघा, मधल्या लेनमधे चालवा, मग त्याच रस्त्याने उलट्या दिशेने येऊन बघा. टायरमधली हवा आधी सारखी करा, हे सांगायची गरज नाही पण सांगतो, कारण एका बाजूला चार-पाच पॉइंट हवा कमी आणि मालक स्टेअरिंग खोलतोय हे होतं.

आता हे दोन आकडे जोडा. रॅकच्या मध्यावर स्टेअरिंग सरळ पण रस्त्यावर तिरकं, तर स्टेअरिंग बरोबर बसलंय, टाय रॉड दोन्हीकडचे कमी-जास्त आहेत. सगळ्यात जास्त हाच प्रकार आढळतो. रॅकच्या मध्यावर पण तिरकं आणि रस्त्यावर पण तेवढंच त्याच बाजूला तिरकं, तर खरंच चुकीच्या दात्यावर बसलंय, तेव्हाच नुसता नट खोलून काम होतं. आणि तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, रस्त्यावर स्टेअरिंग छान सरळ पण रॅकच्या मध्यावर आणलं की तिरकं. म्हणजे कुणीतरी टाय रॉडची गडबड स्टेअरिंग सरकवून झाकलीये. गाडी सरळ चालताना रॅक एका बाजूला सरकलेला आहे, त्यामुळे एकीकडे वळायला जास्त फेरे मिळतात, दुसरीकडे कमी. ८०० चा टर्निंग रेडियस कंपनीने ४.४ मीटर दिलाय, पेठांच्या गल्लीबोळांत हीच तर तिची मजा आहे, आणि अशा गाडीला यू-टर्नला रिव्हर्स लागत असेल तर नक्की हाच प्रकार समजा. इथं दोन्ही कामं करावी लागतात, आधी नट खोलून स्टेअरिंग रॅकच्या मध्याला जुळवायचं मग टाय रॉड.

एक उपप्रकार पण आहे. रॅक बदललाय किंवा काढून बसवलाय, स्टेअरिंगला कुणी हात लावलेला नाही, तरी तिरकं. तेव्हा शाफ्टच्या खाली पेडलजवळ जो जॉइंट असतो, क्लॅम्प बोल्टवाला, तो चुकीच्या दात्यावर गेलाय. वर स्टेअरिंग सरकवण्यापेक्षा जिथं चुकलंय तिथंच सुधारा. तो क्लॅम्प बोल्ट तसाही टॉर्च मारून बघायलाच हवा, ढिला सापडला तर गाडी तिथंच उभी करा, त्यावर सगळं स्टेअरिंग अवलंबून आहे.

टाय रॉडचं काम. बहुतेक अलाइनमेंटच्या दुकानात काय होतं, पोरगा घाईत असतो, टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) कमी-जास्त दिसला की जो टाय रॉड हाताला सोपा त्याचा लॉकनट सोडतो, तेवढ्या एकाच बाजूने आकडे हिरवे करतो आणि प्रिंट काढून देतो. प्रिंट बरोबर असते, टोटल टो बरोबर असतो, टायर पण खात नाहीत, पण सगळा फरक एकाच बाजूने काढल्यामुळे स्टेअरिंग तिरकं. मग तोच म्हणतो साहेब स्टेअरिंग खोलून एक दात सरकवून देतो. नको म्हणा. मशिनवर गाडी चढवल्यावर आधी स्टेअरिंग सरळ करून सीटला टेकणाऱ्या त्या दांडीने लॉक करायला लावा, मग दोन्ही चाकांचा टो वेगवेगळा बघून दोन्हीकडे ॲडजस्ट करायचा. बाजूला उभं राहा, चहाला जाऊ नका.

फक्त स्टेअरिंग सरळ करायचं असेल आणि टो आधीच बरोबर असेल तर एका बाजूचा रॉड जितका लांब कराल तितकाच दुसऱ्या बाजूचा आखूड करायचा, म्हणजे टो तसाच राहतो आणि स्टेअरिंग तेवढं फिरतं. थोडं थोडं करा, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, चालवून बघा, उलटं गेलं तर दिशा बदला. लॉकनट सोडताना आधी स्प्रे मारून ठेवा. रॅकचं रबरी बूट रॉडबरोबर पिळवटतं, त्याची क्लिप सोडून घ्या नाहीतर बूट फाटतं आणि मग पावसाळ्यात आत चिखल-पाणी जाऊन रॅकच गेला. काम झाल्यावर दोन्ही बाजूंना लॉकनटच्या बाहेर किती आटे दिसतायत ते मोजा. दोन्हीकडे जवळजवळ सारखे असायला पाहिजेत. एकीकडे दहा आणि दुसरीकडे अठरा असा प्रकार असेल तर एकतर वर सांगितलेला तिसरा प्रकार आहे किंवा काहीतरी वाकलंय.

आता तो खरा छळणारा भाग, सगळं सरळ केलं आणि महिन्याभरात आपोआप तिरकं झालं. लोखंड आपोआप सरकत नाही. एक तर लॉकनट नीट आवळलेला नाही, दुसरं म्हणजे कुठंतरी खेळ, म्हणजे ढिला जोड, आहे. आपल्या इथले रस्ते काय सांगायचे, जुलै-ऑगस्टमधे सिंहगड रोडला किंवा कात्रज-कोंढवा रोडला रोज येणं-जाणं असेल तर बुश (जोडांमधली रबरं) दुसऱ्या कुणाच्या आधी तुमचे जातील. आणि रस्त्याच्या लेव्हलच्या खाली गेलेली ड्रेनेजची झाकणं, ती खड्ड्यापेक्षा वाईट, कारण कड धारदार असते.

खेळ शोधायला दोन माणसं लागतात. गाडी जमिनीवर, इंजिन बंद, एकाने स्टेअरिंग अगदी थोडं, दोन-तीन बोटं, डावी-उजवी हलवत राहायचं, दुसऱ्याने पुढच्या चाकाच्या मागून वाकून बघायचं हालचाल कुठपर्यंत पोचते आणि कुठं मरते. शाफ्ट फिरतोय पण रॅक बॉडीवर इकडे-तिकडे सरकतोय, तर रॅकच्या क्लॅम्पची रबरं गेलीत, स्वस्तात होणारं काम आहे आणि सगळ्यात जास्त वेळा दुर्लक्षित पण तेच. रॅक नीट आहे पण टाय रॉड एंड (रॉडच्या टोकाचा जोड) उचकतोय, तर एंड बदला, दोन्ही बाजूचे एकदम. मग चाक उचलून, स्टँड लावून, दोन्ही बाजूंनी म्हणजे घड्याळाच्या तीन-नऊच्या जागी धरून हलवा, तिथं खेळ असेल तर टाय रॉड किंवा रॅक एंड. वर-खाली बारा-सहाला धरून हलवल्यावर खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. ८०० मधे अजून एक जागा, लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीला) पुढून धरणारा स्टॅबिलायझर बार. बाकी बऱ्याच गाड्यांमधे तो फक्त गाडी कलू नये म्हणून असतो पण इथं तो आर्मला पुढे-मागे जाऊ देत नाही, त्याचे बुश गेले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, गाडी एका बाजूला ओढते आणि स्टेअरिंगचा मध्य रोज वेगळा वाटतो. "कधी सरळ असतं, कधी तिरकं" ही तक्रार आली की मी पहिलं हेच बघायला सांगतो.

खेळ किती चालतो याचा नियम पण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९८व्या नियमात स्टेअरिंगचा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नको असं आहे. ३० अंश म्हणजे ३८ सेंटीमीटर व्यासाच्या रिमवर जवळजवळ १० सेंटीमीटर, ते ट्रकबिक सगळ्यांना धरून आहे. सुझुकीचं मॅन्युअल रिमवर ३० मिलिमीटरपर्यंत म्हणतं, म्हणजे साधारण ९ अंश. तुम्ही मॅन्युअलचं ऐका. पासिंगला गाडी पास झाली म्हणजे स्टेअरिंग ठीक आहे असं धरून चालू नका.

गाडी तिरकी नाही पण एका बाजूला ओढते ही तक्रार वेगळी आहे आणि लोक दोन्ही एकत्र करतात. ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा, ओढणं दुसऱ्या बाजूला गेलं तर दोष टायरचा. दहा-पंधरा मिनिटं चालवून पुढची चाकं हाताने न शिवता नुसता हात जवळ नेऊन बघा, एक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय. आणि ठरावीक स्पीडला स्टेअरिंग थरथरतं ते बॅलन्सिंग, त्याचा इथं काही संबंध नाही.

आता खरंच स्टेअरिंग काढायचंय असं ठरलं तर. पुढची चाकं सरळ करा, रॅक मध्यावर आणा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, नाहीतर हॉर्न पॅड काढताना हॉर्न वाजत बसेल. पॅड गाडीप्रमाणे नुसतं खेचून निघतं किंवा मागून स्क्रू असतात, मागे वाकून नीट बघा आणि मग जोर लावा, जुनं प्लास्टिक आहे, क्लिप तुटली की मिळत नाही. खाली नट, सुझुकीच्या या गाड्यांना साधारण १७ चा पाना बसतो. नट खोलायच्या आधी शाफ्टच्या टोकाला आणि हबला पंचने एका रेषेत ठिपका मारा किंवा व्हाइटनरने रेघ ओढा. हे न करता खोललं तर वरचं फेरे मोजायचं सगळं परत करावं लागतं.

नट पूर्ण काढायचा नाही. चार-पाच आटे ढिला करून तसाच ठेवायचा, कारण स्टेअरिंग अडकलेलं असतं आणि अचानक सुटलं तर थेट तोंडावर येतं. हबला पुलरसाठी दोन आट्यांची भोकं असतात, पुलर लावून काढा, नाना पेठेत मिळतो, गॅरेजवाला ओळखीचा असेल तर तासाभरासाठी देतो. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायची नाही. हे वाक्य जरा मोठ्याने वाचा. ज्या गाड्यांचा कॉलम (शाफ्ट आणि त्याभोवतीची नळी) अपघातात दबला जावा म्हणून बनवलेला असतो त्याच्या आत प्लास्टिकच्या पिना असतात, त्या हातोडीने तुटतात, वरून काही दिसत नाही, नंतर स्टेअरिंग वर-खाली खडखडायला लागतं आणि अपघातात तो कॉलम जसा वागायला पाहिजे तसा वागत नाही. गॅरेजचे मामा लोक सर्रास मारतात, "काय होत नाय हो" म्हणतात. तुम्ही हात धरा.

बसवताना दाते स्वच्छ करा, हब हाताने दाबून सरळ खाली गेलं पाहिजे, नट आवळून ओढून बसवायचं नाही, तसं बसवलं तर दाते एकमेकांवर चढतात. नट नवीन असेल तर उत्तम. टॉर्क त्या पिढीतल्या सुझुकीला साधारण २५ ते ४० न्यूटन-मीटर, म्हणजे पान्यावर लटकायची गरज नाही. आवळताना स्टेअरिंग हाताने धरा, कॉलमच्या लॉकवर जोर देऊन आवळू नका, लॉकची पिन मरते. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर नट एकदा परत बघा.

जुन्या बाजारातून घेणार असाल (पुण्यात रविवार-बुधवार, लवकर जा) तर तुमच्या गाडीचं जुनं स्टेअरिंग बरोबर न्या. "झेनचं ८०० ला बसतंय की" हे तिथं सगळेच सांगतात. हब उलटं करून दाते, भोकाचा व्यास, हॉर्नच्या पितळी रिंगचा व्यास आणि इंडिकेटर परत आणणारी उंचवट्याची जागा, चारही शेजारी ठेवून जुळवा. शाफ्टवर बसलं म्हणजे झालं असं नाही, बाकीची तीन जुळली नाहीत तर पुढचे सगळे त्रास तुम्ही पैसे देऊन घरी आणले. आणि रिम खाली सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतंय का बघा, अपघातातल्या गाडीचं असेल तर वाकलेलं असतं.

इंडिकेटरचं गणित सोपं आहे. तो परत आणणारा उंचवटा स्टेअरिंगच्या हबबरोबर फिरतो. स्टेअरिंग तिरकं असताना गाडी सरळ चालत असेल तर तो उंचवटा पण मध्यावरून सरकलेला, म्हणून एका बाजूचा इंडिकेटर लवकर पडतो आणि दुसऱ्या बाजूचा पडतच नाही. लोक मग कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटरच्या दांडीचा स्विच) बदलतात, चांगले पैसे जातात, फरक शून्य. आधी स्टेअरिंग सरळ करा, मग स्विचचा विचार.

हॉर्न. जुन्या गाड्यांमधे बहुतेक हॉर्नचं बटण अर्थ जोडायचं काम करतं. स्विचच्या बाजूला स्प्रिंगवर एक छोटा कॉन्टॅक्ट असतो, तो हबच्या मागच्या पितळी रिंगवर घासत राहतो, बटण दाबलं की रिंग हबला टेकते, तिथून शाफ्ट, शाफ्टमधून बॉडी. स्टेअरिंग काढलेलं असतानाच तपासा: बॅटरी जोडून त्या कॉन्टॅक्टला वायरने बॉडीशी टेकवा. वाजला तर फ्यूज, रिले, हॉर्न सगळं ठीक, दोष स्टेअरिंगच्या बाजूला. नाही वाजला तर स्टेअरिंगला दोष देऊ नका, खाली शोधा.

स्टेअरिंगच्या बाजूला दोष असेल आणि काही ठरावीक कोनातच वाजत नसेल तर रिंग काळी पडलीये किंवा कॉन्टॅक्टची स्प्रिंग दमलीये. बारीक पॉलिश पेपरने रिंग साफ करा, अगदी थोडं ग्रीस, बोटावर पातळ थर येईल इतकंच. कुठल्याही कोनात नीट वाजत नसेल, कधी वाजतो कधी नाही, तर शाफ्टला अर्थ मिळतोय का बघा. काही गाड्यांत शाफ्टच्या मधे रबरी कपलिंग असतं, रॅक पण रबरात बसवलेला, म्हणजे करंटला जायला रस्ता फक्त बेअरिंगमधून. कपलिंगवरून एक छोटी अर्थची वायर असते, ती तुटलेली किंवा मागच्या वेळी कुणी जोडलीच नाही. मल्टिमीटरचं एक टोक स्टेअरिंगच्या नटला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, रेझिस्टन्स एक ओहमच्या आत पाहिजे आणि स्टेअरिंग फिरवताना तो नाचता कामा नये. आणि वळवताना स्वतःहून वाजत असेल तर कॉन्टॅक्ट रिंग सोडून हबला शिवतोय किंवा पॅडच्या मागच्या वायरचं आवरण घासून गेलंय. हे प्रकार दात सरकवताना पॅड सारखं काढून-घालून होतात, वायर दरवेळी वेगळ्या जागी दाबली जाते. पासिंगला हॉर्न वाजलाच पाहिजे, तिथं "सरळ ठेवल्यावर वाजतो हो" चालत नाही.

बाहेरचं स्पोर्टी स्टेअरिंग लावणाऱ्यांसाठी थोडक्यात. मधे बॉस किट (शाफ्ट आणि स्टेअरिंग जोडणारा तुकडा) लागतं, ते तुमच्या गाडीच्या दात्यांचंच हवं. स्टेअरिंगच्या सहा बोल्टांचा घेर मोमो पद्धतीचा ७० मिलिमीटर आणि नार्डी पद्धतीचा ७४ मिलिमीटर, एकमेकांना बसत नाहीत, भोकं फाइलने लांब करून बसवलेलं बघितलंय, करू नका. सहा बोल्ट म्हणजे तिथं ६०-६० अंशांचा टप्पा, म्हणून तिरकेपणा तिथंही सुटत नाही. स्वस्त बॉसमधे इंडिकेटरचा उंचवटा नसतोच. आणि ३८ चं काढून ३३ सेंटीमीटरचं लावलं तर हाताला साधारण १५ टक्के जास्त जोर लागतो, पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीला मंडईजवळ पार्किंग करताना ते कळतं. दिसतं भारी, हे मान्य.

एअरबॅग. आपल्याकडे ड्रायव्हर एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून, पण त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलला ती होती. स्टेअरिंगवर एसआरएस किंवा एअरबॅग लिहिलेलं असेल तर हे काम घरी करू नका. बॅटरी काढल्यावरही सिस्टिममधे काही वेळ चार्ज राहतो, किती वेळ थांबायचं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमधे असतं. एअरबॅगच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावायचा नाही, कधीच नाही, त्या एवढ्याशा करंटने पण ती फुटू शकते. तिथं पितळी रिंगच्या जागी क्लॉक स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली पट्टी असते, ती मध्यावर न ठेवता स्टेअरिंग बसवलं की पहिल्या पूर्ण वळणावर तुटते, आणि मग हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही एकदम बंद, मीटरमधे दिवा पेटलेला. भंगारातली एअरबॅग तर फुकट दिली तरी घेऊ नका.

नुसतं चिकट झालंय म्हणून बदलणार असाल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसून बघा, बऱ्याचदा वरचा चिकट थर निघून जातो आणि खालचं रबर चांगलं असतं. चकचकीत करणारी ती तेलकट पॉलिश स्टेअरिंगला लावू नका, हात सटकतो. कव्हर घालणार असाल तर घट्ट शिवलेलं घाला, रिमवर फिरणारं कव्हर खंबाटकीच्या वळणावर फिरलं तर काय होईल ते तुम्हीच बघा.

सगळं झालं की एका कागदावर लिहून ठेवा: टोकापासून टोकापर्यंत किती फेरे, दोन्ही टाय रॉडचे दिसणारे आटे किती-किती, आणि हबवरची रेघ शाफ्टच्या रेघेला जुळलेली आहे हे. कागद कप्प्यात गाडीच्या पेपर्सबरोबर. पुढच्या अलाइनमेंटला गेलात की रॅम्पवर गाडी चढवायच्या आधी पोराला ते आटे दाखवा आणि काम झाल्यावर त्याच्यासमोरच परत मोजा. एका बाजूचे बदललेत आणि दुसऱ्या बाजूचे जसेच्या तसे असतील तर पैसे द्यायच्या आधी परत चढवायला लावा.